परदेशात आल्यापासून माझा सहा वर्षांचा मुलगा शाळेत बोलतच नाही. आम्ही घरीही जर्मन बोलायला लागावं का?

घरी मराठीच बोला. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

तुम्ही लिहिलंय की तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून श्टुटगार्टला आलात, मुलगा शाळेत तोंडातून शब्द काढत नाही, रात्री ‘आजीकडे जाऊ’ म्हणून रडतो, आणि ओळखीच्या कुणीतरी सुचवलंय की घरीही जर्मन सुरू करा, म्हणजे लवकर शिकेल. आम्ही 2017 च्या ऑक्टोबरात, दिवाळी आटोपून, कोथरूडहून इथंच आलो. लेक साडेसहा वर्षांची होती. मलाही हाच सल्ला मिळाला होता आणि मी तो ऐकला.

तीन आठवडे आम्ही घरी जर्मन बोललो. माझं जर्मन तेव्हा ‘दूध पी’, ‘दप्तर कुठे आहे’ इतपतच. एक दिवस ती शाळेतून आली आणि बूट न काढता दारातच बसून राहिली. चेहरा एवढासा झालेला. मला विचारायचं होतं, ‘काय झालं गं राणी, कुणी काही बोललं का?’ ते जर्मनमध्ये येईना, म्हणून मी विचारलं, ‘वी वार दी शूले?’ शाळा कशी होती? ती म्हणाली, ‘गूट.’ छान. आणि उठून आत गेली. रात्री पांघरुणात शिरून मी मराठीत विचारलं, तेव्हा एकदम बांध फुटला. दिवसभर तिनं शू रोखून धरली होती. कसं विचारायचं ते माहीत नव्हतं, आणि घरी मला कसं सांगायचं तेही कळत नव्हतं. त्या रात्रीपासून आमच्या घरात पुन्हा मराठी.

म्हणून पहिलं काम हे करा. त्याला चार वाक्यं पाठ करून द्या, पाढ्यांसारखी, रोज खेळता खेळता. ‘इश मुस आउफ्स क्लो’, म्हणजे मला शूला जायचंय. ‘इश फेरश्टेए निश्त’, मला समजलं नाही. ‘कान्स्ट दू मिर हेल्फन’, मला मदत करशील? आणि सगळ्यात मोलाचं, ‘दार्फ इश मिटश्पीलन’, मी खेळायला येऊ? एवढं जर्मन घरी शिकवा. बाकीचं शाळेवर सोडा.

आता त्याच्या गप्प राहण्याबद्दल. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिनेही बोलत नाहीत. ती ऐकत असतात. माझी लेक शाळेत जवळजवळ पाच महिने गप्प होती. तिच्या फोरबेराइटुंग्सक्लासेच्या बाईंनी (इथं नव्यानं आलेल्या मुलांसाठी हा भाषेचा वर्ग असतो, सगळे त्याला फाउ-का-एल म्हणतात) मला विचारलं होतं, ‘सांगितलेलं करते का? इतरांकडे बघून हसते का?’ दोन्हींचं उत्तर हो होतं. तेवढं पुरेसं आहे, म्हणाल्या. तुम्हीही बाईंना हेच विचारा. मात्र तो घरी मराठीतही गप्प व्हायला लागला, किंवा जर्मन चांगलं समजायला लागल्यावरही शाळेत कित्येक महिने तोंड उघडेनासा झाला, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, कानही तपासून घ्या. तिथं संकोच करू नका.

आमच्याकडे गाडी रुळावर आली ती आकड्यांमुळे. जर्मनमध्ये एकवीसला म्हणतात ‘आइन-उंट-त्स्वानत्सिश’, एक आणि वीस. वर्गातली जर्मन मुलंसुद्धा लिहिताना गडबडतात, कारण ऐकू येतो आधी एक आणि लिहायचा असतो आधी दोन. माझी लेक स्वयंपाकघरात धावत आली. ‘आई, हे आपल्यासारखंच आहे! एक-वीस, बा-वीस, ते-वीस!’ पस्तीसमध्ये आधी पाच, त्यांच्यातही आधी पाच. फक्त एकोणतीसला अडली, कारण ते आपलं निराळंच. त्यानंतर ती साम्यं शोधतच सुटली. जर्मनचा त्स म्हणजे आपला ‘चमचा’तला च. दात म्हणजे ‘त्सान’, साखर म्हणजे ‘त्सुकर’, तिला ते सांगावंच लागलं नाही. आणि देअर, दी, दास म्हणजे तो, ती, ते! इंग्रजी शाळेत शिकलेल्या आम्हा मोठ्यांना ज्याचा धसका, ते तिला घरचं वाटलं. चंद्र त्यांचाही ‘तो’च आहे, सूर्य मात्र ‘ती’. ‘यांचा सूर्य बाई आहे’ म्हणून ती दोन दिवस हसत होती. आपली भाषा इथं कमी पडत नाही, उलट ती हाताशी आहे, हे तिला त्या आठवड्यात उमगलं. मराठी बंद करून बसलो असतो तर हे कुठून घडलं असतं?

बोलणं लवकर येतं, अभ्यासाची भाषा उशिरा. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी याचा खूप अभ्यास केलाय: रोजच्या बोलण्याला साधारण दोन वर्षं, वर्गातल्या पुस्तकी भाषेत बरोबरीनं यायला पाच ते सात. तेव्हा तीन महिन्यांत त्याला कशात जोखू नका. चौथीनंतर शाळा बदलते, त्याची चिंता इथले आपले लोक पहिलीपासूनच करतात. कृपा करून आत्ता नको.

भाषा लागत नाही असं काहीतरी त्याला द्या. आमच्यासाठी ते पोहणं होतं. काठावरून उडी, 25 मीटर पोहायचं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू वर आणायची, की मुलांना ‘झेपफेर्डशेन’चा बिल्ला मिळतो, समुद्रघोड्याचं चित्र असलेला. तो पोहण्याच्या कपड्यांवर शिवून घेतात. बिल्ला शिवलेली माझी मुलगी पाण्याबाहेर आली तेव्हा वर्गातल्या एकीनं स्वतःहून तिचा हात धरला.

आणि आजी. त्याच्या रडण्याला ‘आता मोठा झालास’ म्हणू नका, त्याला आजी हवी आहे आणि हे खरंच आहे. माझ्या सासूबाईंनी एक वेळ ठरवून टाकली होती. पुण्यात सात वाजता त्या देवापाशी दिवा लावायच्या, तेव्हा इथे हिवाळ्यात दुपारचे अडीच. लेक शाळेतून येऊन जेवून फोनसमोर मांडी घालून बसायची, आणि भर दुपारी आमच्या घरात शुभंकरोति व्हायचं. मग आजी विचारायच्या, ‘आज डब्यात काय होतं?’ त्या पंधरा मिनिटांत ती शाळेचं जे सांगायची ते मला कधीच सांगितलं नाही.

उद्यापासूनच सुरू करा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास पुढे जाईल, मग आजीची दिवेलागण तुमच्याकडे साडेतीनला येईल.