सासूबाईंबद्दल लिहू का, आणि बाकीची पत्रं

या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक एकाच जातीची आहेत, स्वतःचं काहीतरी लिहायला सुरुवात केलीय पण काय टाकू आणि काय नको हे कळत नाही. मी पंधरा-सोळा वर्षं असंच घरगुती लिहितेय नेटवर, चुका भरपूर केल्यात, त्यातली एक खाली सांगितली पण आहे. पत्रं जरा कापलीत, नावं काढलीत.

ताई, ब्लॉग काढून दोन महिने झाले. नाव ठरलं, रंग ठरले, पोस्ट मात्र एकच, 'नमस्कार, मी लिहायला सुरुवात करतोय' एवढीच. विषयच सुचत नाही हो. माझं आयुष्य एकदम सपक, चिंचवडला घर, मुंबईला नोकरी, सिंहगड एक्सप्रेसने जातो, सिंहगडने येतो, झोपतो. मित्र म्हणतो शेअर मार्केटवर लिही, त्याला व्ह्यूज मिळतात. काय करू? (चिंचवड)

अहो, रोज सिंहगडने जाता आणि वर म्हणता आयुष्य सपक! मला कोणी पासधारकांच्या डब्यात वर्षभर बसवलं ना तर मी वह्या भरेन. संध्याकाळी परत येताना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, पुढे घाट, 37 फुटाला 1 फूट चढ, आणि तो जोडणीचा धक्का बसला की कोण जागं होतं, कोण वड्यासाठी उतरलेलं असतं आणि कोण घड्याळ न बघता सांगतं आज किती लेट, हे तुम्हाला पाठ असणार. मला नाही ना माहीत. तुमच्या मित्राला पण नाही. रोज दिसतं म्हणून तुम्हाला ते दिसेनासं झालंय एवढंच.

खिडकीची जागा कुणाची हे कुठे लिहिलेलं नसतं तरी सगळ्यांना कसं माहीत असतं? नवीन माणूस चुकून तिथे बसला की त्याला कोण उठवतं, आणि कुठल्या शब्दांत? दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी कोण काढतं, आणि कोण दर वर्षी 'उद्या देतो' म्हणतं? यातलं एक घ्या, एकच माणूस, एकच सीट, चारशे शब्द. 'प्रवासाने मला काय शिकवलं' असलं काही लिहू नका प्लीज.

सांभाळायचं एकच. शेजारचा आजारपणाची रजा टाकून कुठे गेला होता ते डब्यात सगळ्यांना माहीत असेल, तरी ते लिहायचं नाही, त्याचा साहेब पुढच्या डब्यात असू शकतो. आणि शेअर मार्केटचं म्हणाल तर अमुक घ्या तमुक विका असा सल्ला द्यायचा धंदा करायला सेबीची नोंदणी लागते, मित्राला सांगा.

ताई, माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, चार वर्षांपासून डिमेन्शिया. शाळेत गणित शिकवायच्या. आता माझं नाव विसरतात पण रात्री दोन वाजता औटकी म्हणतात आणि एक आकडा चुकत नाही. त्या झोपल्या की मी मोबाईलवर लिहिते, असे अकरा तुकडे झालेत. मैत्रिणीने एक वाचला, म्हणाली टाकच. मिस्टर म्हणतात तुझं तू बघ. नणंदबाईंना कळलं तर त्या फोनवर रडल्या, म्हणाल्या वहिनी आईची अब्रू चव्हाट्यावर नको मांडूस. मी एक शब्द वाईट लिहिलेला नाही. टाकू का? (नागपूर)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आताच्या पोरांना सांगावं लागेल, आणि ज्या बाईने तो वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतला तिच्याकडे आज बाकी सगळं जाऊन तोच उरलाय. या आजारात अलीकडचं आधी पुसतं आणि लहानपणी घोटलेलं बरंच टिकतं, डॉक्टर तुम्हाला हे सांगतातच, पण रात्री दोन वाजता अंधारात ते ऐकणारी तुम्ही एकटी आहात. त्यामुळे लिहू का हा प्रश्नच नाही, तुम्ही लिहिलेलंच आहे. अकरातलं काय बाहेर जावं हे बघू.

आधी माझी चूक सांगते. माझ्या मामीवर मी एकदा लिहिलं होतं. विषय काय तर ती लोणच्याची बरणी कपाटात ठेवायची, कपाटाला कुलूप, किल्ली कनवटीला, आणि आम्ही सुट्टीला गेलेली भाचरं फोड मागायला रांगेत उभी. लोक खूप हसले, मी पण खूष. मग कुणीतरी पोराने ते मोबाईलवर मामीला वाचून दाखवलं. ती चिडली नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "कुलूप होतं ते लिहिलंस गं, का होतं ते नाही लिहिलंस." घरात अकरा माणसं, बरण्या दोन, आणि मिरगापासून पुढच्या कैरीपर्यंत त्या पुरवायच्या, नाही पुरल्या तर बोलणी तिला. माझ्या लेखात एक अक्षर खोटं नव्हतं, पण ते अर्धं होतं, आणि जे अर्धं मी लिहिलं ते मला गंमतीचं वाटत होतं तेवढंच. तो लेख मी काढला नाही, खाली मामीचं वाक्य जोडलं. आता लोक तेवढंच लक्षात ठेवतात.

तर तुमचे अकरा तुकडे. पत्रात तुम्ही काही काही सांगितलंय त्यावरून बोलते. बाथरूमची आतली कडी काढून टाकली, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, त्यांच्या परकराच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवली, आरशावर टॉवेल टाकला कारण आतली बाई त्यांना परकी वाटते. हे सगळं तुमचं आहे, तुमचे हात, तुमची जाग, तुमचं डोकं. हे आधी टाका. अशी म्हातारी माणसं कितीतरी घरांत आहेत आणि कडीचं कुणाला सुचलेलं नसतं, एखादी माऊली दार फोडायला माणूस बोलावून बसलेली असते. चौथ्यांदा चहा केला आणि पाचव्यांदा तुम्ही ओरडलात, आणि मग मोरीत जाऊन रडलात, ते पण तुमचंच. टाका. ते वाचून कुणी तुम्हाला वाईट सून म्हटलं तर त्याला एक रात्र तुमच्या घरी झोपायला बोलवा.

पण आंघोळीचा जो तुकडा आहे म्हणता, आणि एक कपडे खराब झाल्याचा, ते नका टाकू. ते घडलं नाही असं नाही, आणि तुम्ही चांगल्याच मनाने लिहिलं असणार. पण त्याला 'चालेल' म्हणायचा अधिकार ज्या बाईंना होता त्या आता हो-नाही सांगू शकत नाहीत. मी अशा वेळी काय करते सांगू, पाच वर्षांपूर्वीच्या सासूबाई डोळ्यासमोर आणा, चष्मा नाकावर, हातात खडू, तुमच्या मागे उभ्या राहून स्क्रीन वाचतायत. औटकीच्या तुकड्याला त्या म्हणतील, 'अगं वीस औटं लिहिताना शून्य खाल्लंस.' आंघोळीच्या तुकड्याला काही न बोलता आत निघून जातील. तुम्ही त्यांना मी ओळखते त्यापेक्षा जास्त ओळखता, तुम्हाला कळेल.

नाव बदलून टाकते असंही लिहिलंयत तुम्ही. बदला, पण त्याचा उपयोग बाहेरच्यांपुरता. तुमचं नाव वर असेल तर नातेवाईकांना, शेजाऱ्यांना, जुन्या विद्यार्थ्यांना कोडं सोडवायला दोन मिनिटं लागतात, सासूबाई एकच असतात हो माणसाला.

आता नणंदबाई. त्यांना फोनवर 'परवानगी आहे का' असं विचारू नका, नाहीच म्हणतील, मी पण म्हटलं असतं, कारण त्यांनी वाचलेलं काहीच नाही आणि मनात भलतंच काहीतरी आहे. त्या घरी येतील तेव्हा औटकीचा तुकडा वाचून दाखवा, वाचायला देऊ नका, दाखवा. माझा अंदाज, त्या मध्येच थांबवून सांगतील की आई कणीक मळताना पण पाढे म्हणायची किंवा असंच काहीतरी जे तुम्हाला माहीत नाही, कारण ती आई त्यांनी बघितलीय, तुम्ही नाही. ते घाला त्यात. एखाद्या तुकड्याला त्या ठाम नाही म्हणाल्या तर तो राहू दे फोनमध्ये. पण अकराच्या अकरांना नाही म्हणायचा हक्क मी तरी त्यांना देणार नाही. दोन वाजता उठतंय कोण?

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मुलांचे किस्से, पेपरात लिहिलेली धमाल उत्तरं, फोटो असं टाकायचा विचार आहे. (धुळे)

किस्से लिहा, मूल ओळखू येणार नाही असे आणि या वर्षीचे नकोत, दोन-चार वर्षं मुरू द्या. पेपराचे फोटो नकोत, अक्षरावरून गाव ओळखतं, आणि चुकीच्या उत्तरावर आपण हसतो ते पोर उद्या दहावीला असतं. मुलांचे चेहरे तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि सर, वर्तणूक नियम आहेतच, शिवाय जुलै 2025 मध्ये शासनाने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल वेगळी सूचना काढलीय ती वाचून घ्या. सगळ्यात भारी किस्से तुमचे स्वतःचे असणार, पहिल्या दिवशी वर्गात गेलात आणि मुलांची बोली कळली नाही, असं काहीतरी झालंच असेल की.

आम्ही पुढच्या महिन्यात केरळला जातोय, रोजच्या रोज लिहावं म्हणते. (पनवेल)

रोज लिहा, टाका घरी आल्यावर. घराला कुलूप आहे हे जगाला कशाला सांगायचं. फोटोत कॅमेऱ्याने जागेची नोंद घातलेली असते, ती सेटिंगमध्ये बंद होते. आणि तिकिटाचा फोटो नको, त्यावर पीएनआर असतो.

माझे आजोबा परळला गिरणीत होते. 1960 पासून आजीला पाठवलेली पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या. 1982 च्या संपातलीही आहेत. एका पत्रात गावातल्या एकाबद्दल लिहिलंय की तो संपात कामावर जातो, त्याच्या घरी पाणी पिऊ नका. त्यांची नातवंडं आमच्याच वाडीत राहतात. स्कॅन करून सगळी टाकू का? (कणकवली)

पत्रं टाकायची म्हणजे दोन माणसांना विचारायचं असतं, एक लिहिणारा आणि एक ज्याच्याबद्दल लिहिलं तो. दोघंही नाहीत, आता त्यांची पोरंनातवंडं. कागद ट्रंकेत तुम्हाला मिळाला म्हणून कागद तुमच्या घरचा, पण त्यातले शब्द लिहिणाऱ्याचे, कायद्याने पण, आणि तो गेल्यावर त्याच्या सगळ्या वारसांचे. म्हणजे तुमचे वडीलच नाहीत फक्त, काका आणि आत्या पण. एक फोन करा दोघांना.

मला स्वतःला पत्रांपेक्षा त्या पावत्यांचं जास्त कौतुक आहे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळींची जागा असायची निरोपासाठी, त्यात मुंबईच्या चाकरमान्याने काय बसवलं? घरात किती माणसं, शाळेची फी, गाय व्याली का, गणपतीला येतो की नाही, आणि वर आकडा. तारखेने लावून ठेवलेत तर बघा, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि त्यानंतर तुमच्या पावत्यांवरचा आकडा कसा कमी होत गेला आणि कुठल्या महिन्यानंतर पावतीच नाही. एक शब्द न लिहिता नुसत्या आठ-दहा पावत्या ओळीने लावल्यात तरी लोक वाचत बसतील. इथूनच सुरू करा.

आता ते पाणी पिऊ नका वालं पत्र. नाव खोडून टाकलंत तरी वाडीत वीस-पंचवीस घरं, दुपारपर्यंत कळेल कोण ते. आणि तो माणूस का गेला कामावर ते आजोबांच्या पत्रात नसणार, आजोबा चिडलेले होते, त्यांचं चिडणं बरोबरही असेल, पण त्याच्या घरात त्या वर्षी काय होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझी मामी परत आठवली. तुम्ही त्या नातवंडांकडे एकदा जाऊन बसा, पत्र खिशात राहू दे, नुसतं विचारा की तुमचे आजोबा पण गिरणीतच ना, संपानंतर काय केलं त्यांनी. कदाचित ते सांगतील, कदाचित चहा देऊन विषय बदलतील. सांगितलं तर दोन्ही बाजू शेजारी शेजारी लावता येतील, त्यांना विचारून. विषय बदलला तर ते एक पत्र परत ट्रंकेत, बाकीची शंभर आहेत की.

स्कॅन करताना घड्या जपून उघडा, कडेने फाटतात. कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका, ते परत निघत नाही. पाठीमागची बाजू पण स्कॅन करा, आजीने तिथे हिशोब लिहिलेला असेल. आणि आत्या ऐंशीच्या पुढच्या आहेत म्हणता, तर आधी फोन त्यांना.