पोरं काय बोलतात ते लिहून ठेवते, हा काय अभ्यास झाला?

नवरात्र संपून आठवडाही झाला नव्हता. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातलं एक कुटुंब माझ्याकडे सल्ल्याला आलं. (ओळखू येईल असं सगळं बदललं आहे. मुलीला मृण्मयी म्हणू.) मृण्मयी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. पुढे बडोद्यातच एम.ए. करून तिला तरुणांच्या जगण्यावर काम करायचं होतं. खुर्चीत टेकायच्या आत बाबा म्हणाले, "ताई, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हटलं तर ही गरब्यात वही घेऊन फिरते. पोरं काय बोलतात, काय घालतात, कुठे बसतात ते लिहून ठेवते. हा अभ्यास की टाइमपास?"

ही काळजी माझ्याकडे दरवर्षी चार-दोन घरं तरी घेऊन येतात, आणि ती मला कधीच क्षुल्लक वाटली नाही. पोटाला काय मिळणार, हे आईबाप विचारणारच.

म्हणून पहिल्या दिवशी मी नोकरीचंच बोलले. 'तरुणांचा अभ्यासक' अशी जागा जाहिरातीत निघत नाही, हे आधी सांगितलं. वाटा आहेत. नेट ही पात्रता परीक्षा सुटली तर प्राध्यापकी, जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन करताना दरमहा पैसे. 2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी समुपदेशक लागतात. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय युवा विकास संस्था आहे, तिथे याच विषयातलं शिक्षण मिळतं. स्वयंसेवी संस्था आहेत, बाजार-संशोधनाच्या कंपन्या आहेत. यातलं काहीही लगेच हाताला लागत नाही, दोन-तीन वर्षं धरून चाला, असंही सांगितलं.

'टाइमपास'वरही बोलले, कारण तो शब्द मृण्मयीला लागला होता. क्रेग जेफ्री नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने मेरठमध्ये शिकून बेकार असलेल्या तरुणांचा अभ्यास केला. दिवसभर काय करता, असं विचारल्यावर ती मुलं म्हणत, टाइमपास. नोकरीची वाट पाहत सरलेली वर्षं त्या एका शब्दात होती, आणि त्यावर त्यांनी 2010 साली अख्खं पुस्तक लिहिलं. तरुण कोणाला म्हणायचं, हेसुद्धा ठरलेलं नाही. आपल्या 2003च्या युवा धोरणात 13 ते 35, तर 2014च्या धोरणात 15 ते 29. बाबा पहिल्यांदाच जरा सैलावले. म्हणाले, "एकोणतिसाव्या वर्षी ही माझ्या मांडीवर होती."

तरी जाताना चेहरे तसेच होते. मी नोकरीचं उत्तर दिलं होतं. बोच दुसरीकडेच होती, आणि ती मी त्या दिवशी विचारली नाही.

दुसऱ्या वेळी ती आईने सांगितली. आई तोवर गप्पच होती. "रात्री साडेबारा-एकला गरबा सुटला की ही लारीवर चहा पीत पोरांच्या घोळक्यात बसते. अभ्यासासाठी बसते हे आम्हाला माहीत. सोसायटीला कसं समजणार?" या भीतीला जुनाट म्हणून उडवून लावणं मला मान्य नाही. रात्रीचं काम आहे, नियम हवेतच. मग आम्ही चौघांनी बसून ठरवले: सोबत एक मैत्रीण, परतायची वेळ, गाडी कोणाची, आणि मार्गदर्शक शिक्षकांना आधी कळवणं.

मृण्मयीचीही एक बोच होती, तिच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. जवळच्या मैत्रिणीने तिची वही पाहिली आणि म्हणाली, "तू आमच्यावर पाळत ठेवतेस?" तीन दिवस बोलली नाही. आपल्याच वयाच्या माणसांचा अभ्यास करण्यातली खरी अवघड जागा ही आहे. मेरठमध्ये जेफ्री परके होते, आपण कोणाशी बोलतोय हे मुलांना दिसत होतं. मृण्मयी त्यांच्यातलीच. मैत्रीण म्हणून कानावर आलेलं अभ्यासक म्हणून कागदावर उतरवायचं, तर परत विचारावं लागतं. मी तिला सांगितलं, आधी परवानगी, मग वही. नावांऐवजी आकडे. अठराच्या आतलं कोणी असेल तर पालकांचीही संमती. 'हे लिहू नकोस' म्हटलं की ते पान फाडायचं. मैत्रिणीची तिने माफी मागितली आणि दोन पानं खरोखरच फाडली.

तिसऱ्या वेळी ती वही घेऊन आली. बाबांना बघायची होती. मी हात आडवा धरला. त्यात इतरांच्या गोष्टी आहेत, असं त्यांना म्हटलं, आणि मृण्मयीला सांगितलं, हवं तर तू स्वतःबद्दल लिहिलेलं वाच. तिने पान शोधलं. कडेला चहाचा गोल डाग होता. "रात्री 12:50. मुलगी क्रमांक 4, म्हणजे मी. चनियाच्या नाडीला बटवा, बटव्यात फोन. लाइव्ह लोकेशन चालू. बाबांचे सहा मिस्ड कॉल. गोलात होते, रिंग ऐकू आली नाही. पाचवा फेरा सोडून बाहेर आले. आमच्या पाचही जणींचं लोकेशन घरी जातं. सोबतच्या तीन मुलांपैकी कोणाचंच नाही."

बाबा थोडा वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग विचारलं, "तिघांपैकी एकाच्याही घरून फोन नाही आला?"

"एकाच्या आला. दूध आणायला सांगितलं."

"मग त्यांच्या आईबापांना काय वाटतं, ते विचारलंस?"

मृण्मयीने पेन काढलं. काय लिहितेस, असं बाबांनी विचारलं तर म्हणाली, "तुमचा प्रश्न. तो माझ्या यादीत नव्हता."

जूनमध्ये तिने एम.ए.ला प्रवेश घेतला. बँकेचा फॉर्मही भरला आहे, तो बाबांचा हट्ट आणि तिला तो मान्य आहे. लोकेशनचं अजून ठरलेलं नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात तिघं परत येणार आहेत.