मुलगा सावकाश आहे, ही तक्रार असेल तर

नमस्कार. पालघर जिल्ह्यातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलाने मेकॅनिकल डिप्लोमा 61 टक्क्यांनी केला, त्याला एनडीटी, म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधायची तपासणी, शिकून अणुवीज केंद्रातल्या स्टेनलेस स्टील पाइपांचे वेल्ड तपासायचेत, आणि तुमचं म्हणणं की त्याने कॉम्प्युटरला डायरेक्ट सेकंड इयर घ्यावं, नाहीतर निदान दहा दिवसांचा पाच मेथडचा (तपासणीच्या पाच पद्धतींचा) लेव्हल 2, म्हणजे दुसऱ्या पातळीचा, कोर्स उरकून कमवायला लागावं. मार्कांचं मला काहीच वाटलं नाही. टोचलं ते पुढचं, "तो मंद आहे, प्रत्येक गणित तीनदा तपासतो म्हणून पेपर सुटतो, पाहुण्यांसमोर बोललो तरी सुधारत नाही."

पाहुण्यांसमोर का बोलता हो? वीस वर्षांच्या मुलाला चारचौघांत मंद म्हटलं की तो एकच गोष्ट शिकतो, समोरचा घाईत असेल तर मान डोलवायची आणि मोकळं व्हायचं. आणि तो जे काम मागतोय त्यात हीच सवय सगळ्यात धोक्याची आहे.

स्टेनलेस स्टीलच्या या पाइपांना चुंबक धरत नाही, त्यामुळे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट तिथे चालतच नाही. डाय पेनिट्रंट फक्त पृष्ठभागावर उघडलेली चीर दाखवतो, आणि इथे ज्याची भीती असते तो ताण आणि गंज मिळून पडणारा तडा बहुतेकदा आतून, पाण्याच्या बाजूने, वेल्डला लागून सुरू होतो. मग बाहेरून अल्ट्रासोनिक करायचं, म्हणजे आवाजाची लहर आत सोडून परत येणारा इको बघायचा, पण वेल्डमधले कण मोठे आणि लांबट असतात, आवाजाची लहर त्यात वाकते, विखुरते, रूटच्या, म्हणजे वेल्डच्या आतल्या बाजूच्या तळाच्या, उंचवट्याचाही इको येतो आणि क्रॅकचाही, अगदी शेजारी शेजारी, त्यातला कुठला कुठला हे ठरवायला पुन्हा प्रोब फिरवावा लागतो, अँगल बदलावा लागतो, जुना रेकॉर्ड काढावा लागतो. फ्रान्समध्ये 2021 च्या शेवटी सिव्होच्या अणुवीज केंद्रातल्या रिअॅक्टरमध्ये असे तडे सापडले आणि पुढच्या वर्षी तपासणीसाठी कितीतरी रिअॅक्टर बंद ठेवावे लागले. 2023 मध्ये तिथल्याच पेनली केंद्रात तर 27 मिमी जाडीच्या पाइपात 23 मिमी खोल तडा निघाला, जिथे तडा जाणार नाही असं धरून चालले होते तिथे, आणि तो वेल्ड बांधकामाच्या वेळी दोनदा दुरुस्त केलेला होता. तुमच्या जवळच्या तारापूरचे 1969 चे दोन रिअॅक्टरही रिसर्क्युलेशनचे, म्हणजे रिअॅक्टरमधलं पाणी फिरवत ठेवणारे, पाइप बदलण्यासाठी 2020 पासून बंद ठेवावे लागले. शटडाऊनमध्ये प्रत्येक दिवसाचे पैसे जात असतात, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, तेव्हा "मला खात्री नाही, परत बघतो" म्हणणारा माणूस लागतो. तो तुमच्या घरात आहे आणि तुम्ही त्याला तेच सोडायला लावताय.

आता त्या दहा दिवसांच्या कोर्सबद्दल. क्लासने दिलेला कागद म्हणजे तुम्ही लेव्हल 2 झालात, हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलाय. एसएनटी-टीसी-1ए या एनडीटीच्या अमेरिकन नियमावलीच्या पद्धतीत सर्टिफाय कंपनी करते, स्वतःच्या लेखी नियमांप्रमाणे, ट्रेनिंग, परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचे तास बघून. एकट्या अल्ट्रासोनिकला लेव्हल 1 चे 40 तास, लेव्हल 2 चे आणखी 40 तास ट्रेनिंग धरतात, वर अनुभवाचे शेकडो तास वेगळे. पाच मेथड दहा दिवसांत कशा बसवणार? असा कागद विकणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याच्या जोरावर कुणीतरी कुठल्यातरी वेल्डवर सही करतो.

एनपीसीआयएलची, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीची, डिप्लोमावाल्यांसाठी स्टायपेंडियरी ट्रेनी (विद्यावेतनावरचा प्रशिक्षणार्थी) भरती निघते, ती भरू दे, पुढे बीई करावंसं वाटलं तर करू दे, बीईनंतर गेटची परीक्षा आहेच. आईंना रेडिएशनची भीती वाटते ती समजू शकतो, पण कामगारांच्या डोसवर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा आहे, पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि अंगावरच्या टीएलडी बॅजवर, म्हणजे रेडिएशन नोंदवणाऱ्या बिल्ल्यावर, तो डोस मोजला जातो.

माझं स्पष्ट मत, आत्ता ना कॉम्प्युटर ना तो कोर्स. वर्षभर त्याला एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाऊ दे जिथे स्टेनलेसचं टिग वेल्डिंग चालतं. आर्गॉन पर्जिंग, म्हणजे वेल्ड करताना पाइपाच्या आत आर्गॉन वायू भरून हवा बाहेर काढणं, नीट झालं नाही की रूट कसा काळा पडतो, ग्राइंडिंग करून पुन्हा वेल्ड भरताना काय होतं, हे डोळ्यांनी बघितलेला पोरगा स्क्रीनवरचा इको वेगळ्या नजरेने वाचतो. पगार कमी मिळेल, तेवढं वर्ष तुम्ही सांभाळून घ्या. नंतर एकच मेथड घ्यायची, अल्ट्रासोनिक, ती पूर्ण शिकायची.

कोर्सचे पैसे भरले असतील तर आधी परत मागा. आणि कुठल्या शॉपमध्ये जायचं ते त्याला स्वतः फिरून ठरवू द्या, चार दिवस जास्त लागले तरी.