भीती खरी होती, हे न्यायालयात कसे दिसते?

प्रश्न (पेडणे) : आमच्या काजूच्या बागायतीत रात्री कोयता उगारून आलेल्या शेजाऱ्याला माझ्या भावाने दांड्याने मारले. शेजारी गंभीर जखमी आहे. आपल्याला जिवाची भीती वाटली, हे भावाने सिद्ध कसे करायचे?

उत्तर : भीती वाटली एवढे सांगून भागत नाही; त्या जागी, त्या वेळी साधारण माणसालाही ती वाटली असती का, हे न्यायालय पाहते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच शरीराच्या बचावाचा हक्क सुरू होतो, त्यामुळे पहिला वार बसेपर्यंत थांबण्याची सक्ती नाही. भावाच्या डाव्या हाताला कोपराखाली, बाहेरच्या बाजूने आडवी चीर असेल, तर डोके वाचवायला त्याने हात वर केला असावा, असे त्या जखमेवरून म्हणता येते. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत तिची नोंद आहे का, हे वकिलाने सर्वांत आधी पाहावे. कोयता नेमका कुठे सापडला आणि तिथे उजेड किती होता, हे पंचनाम्यात शोधावे. शेजाऱ्याच्या जुन्या धमक्या भावाच्या कानांवर आलेल्या असतील, तर त्याही कामाच्या आहेत. त्या त्याला ठाऊकच नसतील, तर त्याच्या मनःस्थितीबद्दल त्यांतून काही निघत नाही.

प्रश्न (फोंडा) : बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो म्हणतात. तो किती?

उत्तर : भार असतो, पण हलका. गुन्हा निःसंशय सिद्ध करणे हे सरकार पक्षाचेच काम आहे. आरोपीने, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ खाली, आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे इतके दाखवले की पुरे. त्यासाठी स्वतःचा साक्षीदार आणलाच पाहिजे असे नाही, सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही बचाव उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात (२०१०) ही तत्त्वे एकत्र मांडली आहेत. 'मी तिथे नव्हतोच' असे आधी सांगून मग बचावाचा हक्क मागणाऱ्याला कायदा दार बंद करत नाही, पण त्याच्या शब्दाचे वजन उतरते, आणि असे सल्ले बहुधा वकिलाआधी नातेवाईकच देतात.

प्रश्न (डिचोली) : हल्लेखोर पळत असताना मारले तर?

उत्तर : धोका सरला की हक्कही सरतो. झटापट चालू असताना जोर थोडा जास्त लागला, तर मात्र न्यायालये तो सोन्याच्या काट्याने तोलत नाहीत. पूर्वनियोजन नसताना, सद्भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली जाऊन मृत्यू झाला, तर न्याय संहितेच्या कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादामुळे तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध ठरतो.