पुण्यात अर्धा दिवस: वेताळ टेकडी आणि जुन्या पेठा एकाच सकाळी

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाला धरून आहे ते इतरांनाही कळेल. आपण नोव्हेंबरच्या अखेरीस लग्नासाठी इंदूरहून पुण्यात येत आहात. रविवारची सकाळ मोकळी आहे आणि दुपारी चारच्या गाडीने परत निघायचे आहे. सोबत गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले सासरे, सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी आहे. एका सहल आयोजकाने साडेपाच तासांत निसर्ग आणि वारसा मिळून नऊ ठिकाणे दाखवण्याचा प्रस्ताव पाठवला आहे आणि तो स्वीकारावा का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते स्वीकारू नये. नऊ ठिकाणे साडेपाच तासांत पाहून होत नाहीत, ती फक्त गाठून होतात. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी मी अशाच एका सहलीचे पैसे भरले होते. परत आल्यावर हिशेब केला, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळ गाडीत बसण्यात आणि गाडी उभी करायला जागा शोधण्यात गेल्याचे लक्षात आले. आपल्या यादीत वेताळ टेकडी आणि आगाखान राजवाडा एकाच सकाळी आहेत. यातील टेकडी शहराच्या पश्चिमेला आणि राजवाडा पूर्वेला नगर रस्त्यावर आहे. शिवाय जेथे १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा यांनी बंदिवासात देह ठेवला, त्या वास्तूत वीस मिनिटांत डोकावून निघणे मला बरे वाटत नाही. ती पुढच्या भेटीसाठी राखून ठेवावी.

त्याऐवजी मी पाहुण्यांना वर्षानुवर्षे ज्या क्रमाने नेतो, तो सांगतो. एक टेकडी, एक लेणे आणि पेठांमधील चालत जोडता येणाऱ्या तीन-चार जागा, एवढेच त्यात आहे. या साऱ्यांना जोडणारा धागा म्हणजे काळा दगड. टेकडी ज्या बेसाल्टची आहे, त्याच दगडात पाताळेश्वर कोरलेले आहे आणि तसल्याच दगडावर शनिवारवाड्याची जोती उभी आहेत. मार्गदर्शकाला हे दाखवता आले, तर निसर्ग आणि शहर अशा दोन वेगळ्या सहली उरत नाहीत.

त्या दिवसांत पुण्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो, म्हणून साडेसहाला निवासस्थान सोडावे. टेकडीवर जाण्यासाठी लॉ कॉलेज रस्ता, चतुःशृंगी, पाषाण, कोथरूड अशा अनेक बाजूंनी वाटा आहेत. परंतु आपल्या सासऱ्यांचा विचार करता एआरएआय या संस्थेकडे जाणाऱ्या रस्त्याने वाहन वरपर्यंत न्यावे, म्हणजे चढ जवळजवळ संपूर्ण वाचतो. तेथून पुढे माथ्यावरची वाट बरीचशी सपाट आहे. वेताळाचे देऊळ शहरातील सर्वांत उंच जागी असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर आहे. सासऱ्यांना तिथवर चालणे जमणार नसेल, तर अलीकडेच सावलीत बसूनही त्यांची सकाळ वाया जाणार नाही, कारण पक्षी बसलेल्या माणसालाच अधिक दिसतात. एक व्यावहारिक सूचना: माथ्यावर स्वच्छतागृह मिळेल असे गृहीत धरू नये. ती सोय निघण्यापूर्वीच करावी आणि पाणी सोबत न्यावे.

टेकडीसाठी दीड ते पावणेदोन तास द्यावेत आणि मार्गदर्शकाचे शुल्क देणार असाल, तर ते मुख्यतः येथेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक लोक उलट करतात. शहरासाठी माणूस घेतात आणि टेकडीवर आपले आपण फिरून येतात. शहरात निदान फलक असतात, वास्तू स्वतःही काही बोलते. मात्र नोव्हेंबरातील टेकडी अनोळखी माणसाला नुसते वाळलेले गवत आणि खुरटी झाडे वाटते. त्या झाडांतील सालईची कागदासारखी सुटणारी साल, पानगळीनंतर निष्पर्ण फांद्यांवर पिवळी फुले धरणारी गणेर, आणि त्यांच्या शेजारी दाटीने वाढलेले परदेशी गिरिपुष्प यांतील फरक कोणी दाखवला, की मग चित्र बदलते. गिरिपुष्प मूळचे मध्य अमेरिकेकडचे. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या करण्यासाठी वनीकरणात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. ते लवकर वाढले हे खरे, परंतु त्याच्या दाटीखाली मूळच्या गवताला आणि स्थानिक झाडांच्या रोपांना जागा उरली नाही. म्हणून मी मार्गदर्शक ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारतो: टेकडीवरील कोणती झाडे लावलेली आहेत आणि कोणती आपोआप आलेली आहेत? याचे नेमके उत्तर देणारा माणूस बाकीच्या गोष्टीही सहसा नीट सांगतो.

पक्ष्यांच्या बाबतीत पाहुण्यांना मोठी आश्वासने देऊ नयेत. मोरांचा आवाज बहुधा ऐकू येतो आणि पुष्कळदा मोर दिसतातही. सातभाई, तांबट, शिक्रा हे नित्याचे आहेत. त्या दिवसांत उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेला थिरथिराही भेटू शकतो. शेपटी सतत थरथरवण्याच्या त्याच्या सवयीमुळे लहान मुलांना तो चटकन ओळखता येतो. पावसाळ्याच्या तोंडी विणीसाठी येणारा नवरंग मात्र तेव्हा पाहायला मिळणार नाही, आणि तो दाखवतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही सावधपणे पाहावे.

देवळानंतर जुन्या दगडखाणीपर्यंत अवश्य जावे. माझ्या दृष्टीने टेकडीवर याहून महत्त्वाची जागा नाही. खाणीत पावसाचे पाणी साठते आणि सकाळच्या उन्हात तिच्या उभ्या कडा स्वच्छ दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर साचत दख्खनचे पठार तयार झाले, आणि ते जणू कापून ठेवलेले आतून पाहण्याची संधी या खाणीत मिळते. आपल्या मुलीला येथे दगडाचा एक तुकडा हातात घेऊ द्यावा, त्याचे वजन जाणवू द्यावे आणि तो परत ठेवायला सांगावा. पुढे लेण्यात गेल्यावर या वजनाची आठवण उपयोगी पडते. याच टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने मोर्चा काढून उतरले होते. हा केवळ फिरायला येणाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न नव्हता. टेकडीवर मुरणारे पाणी खालच्या वस्तीच्या भूजलाशी जोडलेले आहे, हा त्या वादातील महत्त्वाचा मुद्दा होता. चांगला मार्गदर्शक हे सारे खाणीच्या काठावरच सांगतो.

साडेआठच्या सुमारास खाली उतरावे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूची पायवाट धरण्यास हरकत नाही. उतार थोडा निसरडा आहे, तेव्हा तळ घट्ट धरणारी पादत्राणे हवीत. सासू-सासऱ्यांनी आल्या वाटेने परतून वाहनाने खाली यावे. त्यानंतर न्याहारी. फर्ग्युसन रस्त्यावरील प्रसिद्ध उपाहारगृहांसमोर रविवारी सकाळी रांगा लागतात आणि त्या रांगेत आपला अर्धा तास सहज जाईल, म्हणून डेक्कनच्या आतल्या गल्लीतील एखाद्या साध्या ठिकाणी पोहे किंवा उपमा खाऊन निघावे. (मिसळ खायचीच असेल तर घाईत खाऊ नये, असे मी पाहुण्यांना नेहमी सांगतो आणि पाहुणे कधी ऐकत नाहीत.)

तेथून जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर जवळच आहे. राष्ट्रकूट काळातील, साधारण आठव्या शतकातील हे शैवलेणे जमिनीच्या पातळीखाली एकसंध खडकात कोरलेले आहे आणि अपूर्ण राहिलेले आहे. पुढच्या अंगणातील गोल नंदीमंडपही त्याच खडकातून सुटा केलेला आहे. वर शहराची सारी वर्दळ, आणि चार पायऱ्या उतरल्या की गारवा! आत खांबांवर कोरीव कामाची गर्दी नाही, म्हणून पुष्कळ लोक पाच मिनिटांत बाहेर पडतात. मी मात्र पाहुण्यांना अपूर्ण राहिलेल्या भागांतील छिन्नीच्या खुणा शोधायला लावतो. सकाळी हातात धरलेला दगड किती जड आणि कठीण होता हे आठवले, म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी हा खडक हातांनी पोखरणाऱ्यांनी काय केले त्याची कल्पना येते. येथे अर्धा तास द्यावा.

पेठांकडे जाताना स्वतःचे वाहन नेऊ नये. गाडी डेक्कनकडेच कोठेतरी ठेवून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरावे आणि तेथे गाडी बदलून भुयारी मार्गाने कसबा पेठ गाठावी. उद्वाहक आणि सरकते जिने असल्याने सासऱ्यांनाही त्रास होत नाही, आणि मुलीला तर ही सकाळची सर्वांत मोठी मौज वाटेल. रिक्षाही चालेल, कारण रविवारी दहाच्या आधी त्या भागात वाहतूक सुसह्य असते.

शनिवारवाड्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पाहुण्यांची निराशा सर्वांत अधिक येथेच होते. पहिल्या बाजीरावांच्या काळात १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झालेला हा वाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत भस्मसात झाला. दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर राजवाड्याऐवजी हिरवळ आणि जोती दिसतात. बहुतेक मार्गदर्शक ही पोकळी नारायणरावांच्या १७७३ मधील खुनाच्या आणि अमावास्येच्या आरोळीच्या कथेने भरून काढतात. खून ऐतिहासिक आहे, आरोळी नाही. परंतु मला त्याहून मोठी तक्रार अशी आहे, की या कथेपायी जे समोर दिसते आहे ते कोणी पाहत नाही. सागवान आणि विटांचे मजले जळून गेले आणि दगडाची जोती उरली. एवढे लक्षात घेऊन जोत्यांवरून फिरले, तर दालने कोठे होती, चौक कोठे होते आणि हजारी कारंज्यापर्यंत पाणी कसे खेळवले असेल याचा अंदाज बांधता येतो. पाण्याचा विषय निघालाच आहे, तर मार्गदर्शकाला कात्रजच्या नळाविषयी विचारावे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव भुयारी मार्गाने शहरात पाणी आणले गेले आणि ते पेठांमधील हौदांतून नागरिकांना मिळत असे. डोंगरावरचा पाऊस पेठेतील हौदात कसा पोहोचत असे, हे ज्याला सांगता येते, त्याने सकाळची टेकडी आणि दुपारचे शहर एका वाक्यात जोडले असे समजावे.

तेथून कसबा गणपती चालत जवळ आहे. सासूबाईंना दर्शन घ्यायचेच असेल, तेव्हा त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही. जवळच असलेला लालमहाल बाहेरून पाहिला तरी पुरे. सध्याची इमारत विसाव्या शतकात बांधलेली आहे, हे मुलीला आधीच सांगावे, नाहीतर शिवाजी महाराजांनी १६६३ मध्ये शायिस्तेखानावर छापा घातला तो याच खोल्यांत, असा तिचा समज होईल. पायांत बळ उरले असेल, तर शेवट महात्मा फुले मंडईत करावा. १८८६ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीचा मधला मनोरा अष्टकोनी आहे आणि तेव्हा तिला मुंबईच्या गव्हर्नरांवरून रे मार्केट असे नाव होते. पालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय या दोन्ही जागा मी मुद्दाम वगळल्या आहेत. संग्रहालयाला किमान दोन तास हवेत आणि ते दहाच्या सुमारास उघडते, त्यामुळे या आखणीत ते नीट बसत नाही.

आयोजकाशी बोलताना आणखी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात. गट आठ-दहा माणसांपेक्षा मोठा असेल, तर टेकडीवरच्या अरुंद वाटेवर मागच्यांना काही ऐकू येत नाही. आणि ध्वनिवर्धक वापरणारा मार्गदर्शक असेल तर पक्ष्यांची आशा सोडावी. तसेच टेकडी आणि शहर ही दोन्ही कामे एकच माणूस करणार आहे की दोघे, हे विचारावे. दोघे असतील तर दुसरा माणूस पाताळेश्वरापाशी भेटेल असे ठरवावे, म्हणजे त्याच्या पूर्ण सकाळचे पैसे द्यावे लागत नाहीत. साडेबारापर्यंत आपण मंडईतून मोकळे व्हाल आणि जेवून, सामान घेऊन चारची गाडी निवांतपणे गाठाल. सासऱ्यांना सलग किती अंतर चालता येते ते कळवल्यास टेकडीवरील वळणाची जागा अधिक नेमकी सांगता येईल.