मुलाची उंची पार्कातल्या राइडच्या अटीपेक्षा २ सेंटीमीटर कमी भरते, जाड सोलचे बूट घातले तर चालेल का? आणि मोठ्याला बसू दिलं, लहान्याला नाही, तर लहान्याचं काय करायचं?

नाही. बूट नका, बुटात काही कोंबू नका, आणि पट्टीखाली उभं केल्यावर लेकराला "टाचा वर कर" म्हणून डोळ्यानं खुणावणं तर अजिबात नको. एवढं लिहून थांबलो असतो, पण तुमचं २ सेंटीमीटरचं आहे आणि आमचं प्रकरण ३ सेंटीमीटरचं होतं, त्यामुळं राहवत नाही, सगळं सांगतो.

मी परभणीत टेलर आहे. शाळेचे युनिफॉर्म हेच मुख्य काम, जून महिन्यात गळ्यातला टेप रात्री झोपतानाच निघतो. लेकरांची उंची हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पाच ते दहा वर्षांचं लेकरू वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, म्हणून तर पॅन्टला आणि स्कर्टला खाली दोन इंच दुमड ठेवतो, दोन इंच म्हणजे पाच सेंटीमीटर, एक वर्ष निघून जातं. तुमचे २ सेंटीमीटर म्हणजे चार-पाच महिने. दिवाळीत नाही भरलं तर उन्हाळ्यात भरतं. तोवर राइड काय पळून जायलीय का?

२०२२ च्या दिवाळीत आम्ही घरची अकरा माणसं क्रूझर गाडी करून पुण्या-मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कात गेलतो. मी, बायको, मुलगी, लहाना दीड वर्षाचा, आई, माझी मोठी बहीण, दाजी, त्यांची दोन पोरं आणि दाजींचे भाऊ-भावजय. मुलगी तेव्हा सात वर्षांची. जायच्या आधी मी तिला दुकानाच्या चौकटीला उभी करून मापली, अनवाणी, डोक्यावर वही आडवी ठेवून. ११७ भरली. तिला जी राइड पाहिजे होती तिला १२० लागत होते. तिला मी तिथंच सांगितलं, बाई, यावेळी नाही, पुढच्या वर्षी. थोडी रुसली आन् खेळायला पळाली. संपलं होतं खरं म्हणजे.

पण दाजींच्या कानावर गेलं. निघायच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले आणि म्हणले, कोटाचे दोन शोल्डर पॅड दे रे. जावई माणूस, मागितलं की द्यायचं, कशाला पाहिजेत हे मी विचारलं सुद्धा नाही.

तिकडं पोचलो तर तिकिटाच्या खिडकीपाशी दाजींनी स्वतःच्या लहान्याला सांगितलं "गुडघ्यात वाक जरा", कारण तिकीट उंचीवर होतं. हे सगळेच करतात. एसटीत पाच ते बारा वर्षांना अर्धं तिकीट आहे तर सहा वर्षांचं पोरगं कंडक्टरपुढं चार वर्षांचं होतं, आपल्याकडं सवयच आहे ती. पण बघा, त्याच माणसानं दोन तासांनी माझ्या मुलीला उंच केलं. खिडकीवर लेकरू कमी करायचं आणि राइडवर वाढवायचं, एकाच दिवशी. खिडकीवर खोटं बोललात तर कुणाचे तरी पैसे बुडतात. राइडवर काय बुडतं ते पुढं वाचा.

मी लहान्याला घेऊन पिण्याच्या पाण्यापाशी होतो. बायको आईसोबत सावलीत. तेवढ्यात दाजींनी मुलीला नेलं, बुटात एकेक पॅड घातला आणि लाइनीत उभी केली. तिथल्या पोरानं बुटासकट मापलं, बुटाचा सोल दोन-अडीच सेंटीमीटर आणि वर पॅड, झाली १२०. मी वर बघतो तर माझ्या हातची लाल फ्रॉक वरच्या वळणावर दिसली. बाकी काही दिसलं नाही, फक्त लाल रंग सीटवरून उचलला गेला आणि परत खाली आपटला. पाण्याची बाटली माझ्या हातातून कधी पडली कळलं नाही.

आता बार, म्हणजे माणसाला सीटवर अडवून धरणारा दांडा, कसा असतो ते समजून घ्या, कारण हेच मुख्य आहे. त्या राइडला दोघांत मिळून एकच बार होता, मांडीवर येणारा. बार खाली येतो तो आधी ज्याच्या अंगाला लागेल तिथं थांबतो. दाजी अंगानं भरलेले, बार त्यांच्या पोटाला लागून थांबला आणि शेजारी मुलीच्या मांडीत आणि बारात चांगली वीतभर जागा राहिली. गाडी वरून खाली सुटते तेव्हा अंग सीटवरून वर उठतं, मोठ्या माणसाला बार दाबून धरतो, लहान्याला धरायला तिथं काहीच नसतं. खांद्यावरून येणाऱ्या बाराचं पण तसंच आहे, तो ज्या अंगासाठी बनवलाय त्यापेक्षा अंग लहान असलं की लेकरू त्याच्या खालून घसरू शकतं. म्हणजे उंचीची अट ही धीटपणाची परीक्षा नाही, ते फिटिंगचं माप आहे. आणि फिटिंग दोन्ही बाजूंनी चुकतं. २०२२ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ऑर्लँडोला उंच टॉवरवरून खाली येणाऱ्या राइडमधून १४ वर्षांचा मुलगा पडून जिवानिशी गेला. तो लहान नव्हता, उलट अंगानं मोठा होता, आणि चौकशीत निघालं की त्या सीटचा सेन्सर हातानं बदलून बार नेहमीपेक्षा जास्त उघडा राहील असा केला होता. माप जिथं हातानं बदललं तिथं हेच होतं.

आमचं नशीब चांगलं. मुलगी उतरली तर खालचा ओठ बारावर आपटून फुटलेला, फ्रॉकवर रक्त, आणि एका पायात बूट नाही. रडत नव्हती. मला फक्त एवढंच म्हणली, "पप्पा, मी वर उठले होते." पाच मिनिटांनी तो माप घेणारा पोरगा बूट घेऊन आला, विशीतलाच असेल. बुटात माझा पॅड. काळं अस्तर, कडेला माझ्या मशीनची ओव्हरलॉक शिवण. "काका, हे काय आहे?" त्याला काय सांगणार? आयुष्य लोकांची मापं घेण्यात गेलं आणि माझ्याच हातच्या वस्तूनं माझ्या लेकराचं माप खोटं केलं. तो पोरगा घाबरला होता, त्याची नोकरी गेली असती, हे पण लक्षात ठेवा, तुम्ही फसवता तो माणूस कंपनी नसतो, बारा तास उन्हात उभं राहिलेलं कुणाचं तरी पोरगं असतं.

दाजी काय म्हणले? "काही झालं का? नाही ना?" बास. २०२३ ला अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण होतं आमच्याकडं, त्यात पण चांदीच्या वाटीपुढं बसून त्यांनी हाच किस्सा सांगितला, कसं पोरीला बसवलं आणि तिचा बाप कसा भित्रा आहे. मी तोंड उघडलं तर आई म्हणली, जावयाला बोलू नको. नाही बोललो. आज इथं बोलतो.

त्यांचं म्हणणं असं की कंपनीवाले मार्जिन ठेवूनच नियम करतात, दोन-तीन सेंटीमीटरनं काही होत नाही. दाजी, शिवणीत आम्ही माया, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवतो ना, ती कपडा कुठं ताणला, उसवला तर कामाला यावी म्हणून. पहिल्याच दिवशी सगळी माया सोडून कपडा अंगावर चढवला तर पुढं उसवल्यावर शिवायला जागा राहते का? दुसरं म्हणणं, मी धरलं होतं ना तिला. नव्हतं धरलं, फोटोत दोन्ही हात वर आहेत तुमचे, आणि धरलं असतं तरी तेवढ्या झटक्यात सात वर्षांचं लेकरू एका हातानं धरून राहत नाही. तिसरं, जत्रेतल्या पाळण्यात कोण माप घेतं? कोणी घेत नाही, म्हणून तर मी आता उरुसात पण मुलांना मोठ्या पाळण्यात बसवत नाही.

आता तुमचं. घरी अनवाणी मापा, आणि संध्याकाळी मापा, कारण सकाळी उठल्यावर माणूस साधारण सेंटीमीटरभर उंच असतो आणि राइडची पाळी येईस्तोवर दुपार होते. ४ फूट म्हणजे १२० धरू नका, १२२ होतात, इथंच बरेच जण फसतात. तिकिटाची उंची आणि राइडची उंची वेगळी असते, म्हणजे हैदराबादच्या वंडरला पार्कात ८५ सेंटीमीटरच्या खाली तिकीट लागत नाही आणि ८५ ते १४० पर्यंत मुलांचं तिकीट, पण तिकीट काढलं म्हणजे सगळ्या राइडवर बसायला मिळतं असं नाही. प्रत्येक राइडची यादी साइटवर असते, ती घरीच लेकरासमोर वाचा. गेटवर जाऊन "नाही" ऐकणं आणि घरी ऐकणं यात लई फरक आहे.

लहान्याचं म्हणाल तर दोघांनी पाळ्या लावा, एक जण मोठ्यासोबत, एक जण लहान्यासोबत, मग बदला. डिस्नेच्या पार्कात याला रायडर स्विच म्हणतात, दुसऱ्याला परत पूर्ण लाइन लावावी लागत नाही. आपल्याकडं लाइनीत शिरायच्या आधीच तिथल्या माणसाला विचारून घ्या. आणि लहान्याला कुणी बुटका म्हणलं तर तिथल्या तिथं अडवा, आजी असली तरी.

दोन गोष्टी राहिल्या. सगळ्या राइडला बार एकत्र नसतो, बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाचा वेगळा असतो, तरी अट अटच. आणि "मोठ्यांसोबत चालेल" असं जिथं लिहिलंय तिथं खुशाल बसवा, ते बनवणाऱ्यांनी विचार करून लिहिलेलं असतं, मी त्याच्या विरुद्ध नाही. लेकरू वर्षभरात चार सेंटीमीटर सुद्धा वाढलं नसेल तर मात्र राइड सोडा, मुलांच्या डॉक्टरला दाखवा.

दाजी वाईट माणूस नाही, हे पण लिहितो. माझ्या दुकानाच्या पहिल्या मशीनला पैसे त्यांनीच दिलते. मुलीच्या मायेनंच केलं त्यांनी. पण चूक होती, आणि ती चूक होती एवढं एकदा तरी त्यांनी म्हणावं.

मुलगी आता दहाची आहे. परवा चौकटीला उभी केली तर १३४ भरली, ११७ च्या खुणेला तिनं बोट लावून बघितलं. दिवाळीत परत जाऊ म्हणतेय, पण तिची एक अट आहे, बार तिचा एकटीचा पाहिजे. उद्या दुकान उघडलं की आधी पार्कात फोन लावून तेवढं विचारणार आहे.