चिमणीतून धूर निघत नाही, तरी रसायन कारखान्यात वास कुठून येतो? तो रोखायचा कसा?

बहुतेक वेळा सांध्यांतून. व्हॉल्व्हच्या स्पिंडलभोवतीचं (दांड्याभोवतीचं) पॅकिंग म्हणजे गळती रोखणारं भरण, फ्लँजचं (पाइप जोडणाऱ्या कडांचं) गॅस्केट म्हणजे मधली चकती, पंपाचं सील, नीट बंद न केलेला ड्रेन. रिफायनरीत असे हजारो सांधे असतात आणि सर्वाधिक गळती सहसा व्हॉल्व्हमधूनच होते.

नाकावर विसंबू नका. अशा गळतीत असू शकणाऱ्या बेंझिन या रसायनाने रक्ताचा कर्करोग होतो. अमेरिकेत कामगारांसाठी त्याची ८ तासांची सरासरी मर्यादा १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आहे, आणि वास जाणवेपर्यंत ती ओलांडलेली असू शकते.

म्हणून प्रत्येक सांध्याला नंबर द्या, ठरावीक काळाने व्हीओसी मीटरचं (हवेतली सेंद्रिय रसायनांची वाफ मोजणाऱ्या यंत्राचं) टोक अगदी सांध्यालगत फिरवा. गळतंय तिथे टॅग लावा, ग्लँडचे (पॅकिंग दाबून धरणाऱ्या भागाचे) नट आवळा, तरी थांबलं नाही तर पॅकिंग बदला. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा, हे कृपा करून टाळू नका. विषारी द्रव्याच्या लाइनवर मात्र बेलोज सील व्हॉल्व्हच (दांड्याभोवती धातूची घडीदार नळी असलेला) बसवा. महाग पडतो, तरीही.